एकच वार मोकळा

संपादकबाईंचा फोन आला, 'तुमच्या नोकरीतले अनुभव लिहून द्या,' तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, नक्की माझ्याच नोकरीतले ना? दिवाळी अंक घरात टीपॉयवर पडलेला असतो. फराळाला आलेली आत्याबाई चकली खाता खाता तो उघडते. तिच्यासमोर कोणतं पान यावं याचा थोडा विचार करायला नको? बाई म्हणाल्या, 'तुम्ही लिहा तर, आम्ही बघतो.' 'आम्ही बघतो' म्हणजे काय, हे सरकारी खात्यात जन्म काढलेल्या बाईला कोणी सांगायला नको. तरी लिहिते. आत्याबाईंनी चकली आधी संपवावी एवढीच विनंती.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं समुपदेशक होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. समुपदेशक म्हणजे डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. माझ्याकडे सुई नव्हती, गोळ्या नव्हत्या. एक टेबल, तीन खुर्च्या, दाराला हिरवा पडदा, एक छापील फॉर्म आणि प्रश्न. नवरा-बायकोतलं, वयात येणाऱ्या पोरापोरींचं, मूल होण्याचं, न होण्याचं, गुप्तरोगाचं, जे जे कोणी कोणाला विचारत नाही ते मी पगार घेऊन विचारायची. माणसाच्या लैंगिक जीवनाचं एक रीतसर शास्त्र आहे, त्याला पद्धत आहे, त्याची पुस्तकं आहेत, हे माझ्या नवऱ्याला पटायलाच पाच वर्षं लागली. ते तहसीलमध्ये कारकून. कोणी विचारलं, 'वहिनी दवाखान्यात काय करतात?' की सांगायचे, 'बीपी-शुगरचं बघते.'

सुरुवातीला खोलीबाहेर मोठी पाटी लावली होती, तेलुगूत आणि हिंदीत, 'लैंगिक आरोग्य सल्ला केंद्र'. महिनाभर कुत्रं फिरकलं नाही. लोक त्या पाटीकडे तोंड वळवून जायचे. शेवटी मी शिपायाकडून पाटी काढून घेतली, नुसता खोलीचा नंबर ठेवला. दुसऱ्या आठवड्यात बाकावर बसायला जागा नव्हती. तेव्हा कळलं की लोकांना सल्ला हवा असतो, फक्त तो घेताना दिसायचं नसतं.

स्वतःसाठी म्हणून तर कोणीच यायचं नाही. सगळे मित्रासाठी यायचे. इचोड्याच्या धाब्यावर मुक्काम करणारा एक ट्रक ड्रायव्हर आला, मिशीला पीळ, गळ्यात ताईत. म्हणाला, 'मॅडम, मेरे एक दोस्त को पिशाब में जलन है.' मी दोस्ताचं वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं, बाहेर जाणं असतं का विचारलं. सगळी उत्तरं त्याला तोंडपाठ. मग मी म्हटलं, दोस्ताला तपासायला आणा. त्यानं पडदा नीट सारला आणि म्हणाला, 'दोस्त आया हुआ है.' त्याच्या दोस्ताला औषध दिलं, दोस्ताच्या बायकोलाही द्यावं लागेल हे समजावलं, आणि दोस्त दहा दिवसांनी बरा होऊन मला नागपुरी संत्री देऊन गेला.

या धंद्यात पहिला धडा हाच. माणसं खोटं बोलत नाहीत, पण जे असतं ते सांगण्याऐवजी जे असायला पाहिजे ते सांगतात. आमच्या प्रशिक्षणात यावर अख्खा एक दिवस घालवला होता. म्हणून एकच गोष्ट तीन बाजूंनी विचारायची, जोडीला एकत्र विचारायचं, मग वेगवेगळं विचारायचं. 'आठवड्यातून किती वेळा?' या प्रश्नाला पुरुष वाढवून सांगतो, बाई कमी करून सांगते. एकदा एकाच घरातल्या, एकाच आठवड्याबद्दल नवरा म्हणाला, 'पाच,' आणि बायको म्हणाली, 'कुठं हो.' दोघांच्या मधला कुठलातरी आकडा खरा धरून मी पुढे जायची.

दुसरा धडा शिकायला मला जास्त दिवस लागले. शरीर बाईचं मिळालं की पुरुषाचं, ही एक गोष्ट. मनातून आपण स्वतःला काय समजतो, ही दुसरी. आणि जीव कोणाकडे ओढ घेतो, ही तिसरी. तिन्ही एकाच माणसात राहतात, म्हणून लोकांना ती एकच वाटतात. एका ऑफिसातला तिशीचा कारकून माझ्याकडे आला होता. चांगला उंचापुरा, स्वतःच्या पुरुषपणाबद्दल त्याला काडीची शंका नव्हती, पण ओढ पुरुषाचीच. घरचे लग्नाचं बघत होते. मी सांगितलं, हा आजार नाही. त्यानं फार आशेनं विचारलं, 'मंग याले औषध नाई?' आजार नाही तर औषध कशाचं, असं मी म्हटलं. शास्त्राप्रमाणे माझं उत्तर अगदी बरोबर होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याची लग्नपत्रिका आली. मी गेले नाही. त्याला उत्तर दिलं, पण त्याच्या आईला सामोरं जायचं बळ दिलं नाही, याची बोच मला अजून आहे.

पण आज जे सांगायचं आहे ते वर्षा नावाच्या एका पोरीचं. माझ्या सगळ्या नोकरीत माझी सगळ्यात मोठी चूक याच प्रकरणात झाली, आणि फॉर्मातले सगळे प्रश्न व्यवस्थित विचारूनसुद्धा झाली.

वर्षा आणि गजानन. नेरडीगोंड्याजवळच्या एका गावातले, माळी, भाजीवाले. मेथी, पालक, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, वांगी. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. तीन वर्षांत मूल नाही म्हणजे गावाच्या हिशेबानं तेरा वर्षं. त्यांच्यासोबत वर्षाचे सासरेही यायचे. आत यायचे नाहीत, बाकावर बसायचे. सत्तरीला टेकलेले, पण पाठ सरळ, आवाज खणखणीत, बाहेरच्या बाकावरून बोलले तर आत माझ्या टेबलावरचा पेन हलायचा. त्यांनी मला पहिल्याच दिवशी पडद्यापलीकडून सांगून टाकलं, 'मॅडम, संक्रांतीपावतर पाह्यतो. मंग किनवटकडची पोरगी पाहून ठेवली हाय. इले इच्या मायबापाकडं पोचवून देऊ.'

वर्षानं हे ऐकलं आणि ती नखानं टेबलाचा रंग खरवडत राहिली. मी गजाननला बाहेर पाठवलं आणि तिला विचारलं, 'तुला काय वाटते?' ती म्हणाली, 'मले इथंच राह्याचं हाय, बाई. ते चांगले हायत.' ते म्हणजे गजानन. हे सांगताना ती इतकी लाजली की मला तिथंच अर्धं प्रकरण कळायला हवं होतं.

मी कामाला लागले. पाळी? घड्याळासारखी, अठ्ठावीस दिवसांनी. दुखणं? नाही. संबंध नीट होतात का? होतात. किती वेळा? गजानन म्हणाला, 'हप्त्यातून तीन-चार डाव, मॅडम.' मी मनात दोन धरले. वर्षाला एकटीला विचारलं तर तीही म्हणाली, तीन-चार. जोडीचा आकडा जुळला याचा मला इतका आनंद झाला की संशय यायचा राहून गेला. गजानन तिला घरूनच आकडा शिकवून आणतोय हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मग तपासण्या. वर्षाच्या सगळ्या चांगल्या आल्या. मी गजाननला म्हटलं, आता तुझी. तो चमकला. 'माई काऊन? मले तं मिशा हायत.'

'मिशा तपासत नाई आमी,' मी म्हटलं.

मूल न होण्याचं कारण बाईकडे जसं असतं तसं पुरुषाकडेही असतं, आणि पुरुषाची तपासणी सोपी, स्वस्त आणि बिनदुखाची असते, म्हणून शहाणपणानं ती आधी करायची असते, होते मात्र नेहमी शेवटी. हे मी हजार लोकांना सांगितलं असेल. हजारातल्या नऊशे जणांनी मिशांना हात लावला. गजानन पंधरा दिवस आलाच नाही, मग एका सकाळी बाटली घेऊन असा आला की जणू कोणाची चोरी करून आणलीय. अहवाल उत्तम. तो कागद त्यानं घडी करून पाकिटात ठेवला. माझी खात्री आहे, त्यानं तो गावात दोघातिघांना दाखवला असणार.

म्हणजे ती चांगली, तो चांगला, आणि मूल नाही. आमच्या डॉक्टर मॅडम तेलुगू, फार हुशार आणि फार घाईत. त्या म्हणाल्या, हैदराबादला पाठवा. हैदराबाद म्हणजे खर्च, आणि तोवर संक्रांत येऊन जाणार. सहा महिने असेच गेले. गोळ्या, जीवनसत्त्वं, 'पुढच्या महिन्यात या'.

एका सोमवारी वर्षा आली. माझ्या डब्यात चिवडा होता. मी पुढे केला, तर म्हणाली, 'नाई बाई, उपास हाय.' मी डबा झाकला. पुढच्या वेळी ती गुरुवारी आली, मी केळं दिलं, तर म्हणाली, केळं खाते पण बिस्कीट नको, उपास हाय. त्यानंतर शनिवारी दोघं आले. बाहेर चहा आला होता, सोबत खारी. गजाननने खारीला हात लावला नाही. 'शनिवार हाय, मॅडम.'

तुम्ही हसाल, पण मी ओळखलं ते तेव्हा. आम्ही बौद्ध. आजोबांनी देव पोत्यात भरून नदीत सोडले तेव्हापासून आमच्या घरात कोणी उपास धरला नाही. उपासाचा साबुदाणा मला माहीत, शेजारच्या काकू आणून द्यायच्या. पण उपासाच्या दिवशी नवरा-बायकोनं वेगळं झोपायचं असतं, हे मला माहीत असून नसल्यासारखं होतं. आमच्या फॉर्मात दारू विचारायचा रकाना होता, तंबाखू होता, बाहेरगावी कामाला जाता का हा होता. उपासाचा नव्हता. तो फॉर्म ज्यांनी केला त्यांना हे सुचलं नाही, आणि मला आपल्या घरात नाही म्हणून सुचलं नाही.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. म्हटलं, सांगा. कोणाकोणाचे कोणते वार?

सोमवार महादेवाचा, वर्षाचा. मंगळवार देवीचा, वर्षाचा. गुरुवार दत्ताचा, दोघांचा. शुक्रवारही देवीचाच, आंबट खायचं नाही. शनिवार गजाननचा, बालाजीचा. रविवारी उपास नव्हता, पण सोमवारी इचोड्याला माल न्यायचा, म्हणून रविवारी गजानन मळ्यातच झोपायचा. मी एकेका वारावर पेनानं रेघ मारत गेले. खाली उरला बुधवार.

'आणि चतुर्थी? एकादशी?' मी विचारलं.

'ते तं असतेच,' वर्षा म्हणाली.

'पुनव, अमावस्या?'

'ते बी.'

'हे सगळे उपास कशासाठी धरले?'

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. 'लेकरासाठी,' गजानन म्हणाला.

मी हसले नाही. बावीस वर्षांत मी इतकं मोठं काम दुसरं केलेलं नाही. लेकरासाठी नवस बोलायचा, नवसासाठी वार धरायचा, वार धरला म्हणून वेगळं झोपायचं, वेगळं झोपलं म्हणून लेकरू नाही, लेकरू नाही म्हणून आणखी एक वार.

आता यातलं शास्त्र जरा सांगते, आत्याबाईंनी पान उलटलं तरी चालेल. बाईच्या महिन्यात मूल राहण्याचे दिवस थोडेच असतात. अठ्ठावीस दिवसांची पाळी धरली तर साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीज सुटतं. ते एखादा दिवस टिकतं. पुरुषाचं बीज आत चार-पाच दिवस तग धरतं. म्हणून नवव्या-दहाव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंतचे दिवस कामाचे. कोणाचं शरीर रेल्वेच्या वेळापत्रकानं चालत नाही, पुढेमागे होतं, पण ढोबळ असं. आणि पाळी बरोबर अठ्ठावीस दिवसांची असेल तर ती दर वेळी त्याच वारी येते, कारण चार आठवडे म्हणजे अठ्ठावीसच. वर्षाची पाळी बुधवारी यायची. म्हणजे एक बुधवार पाळीत गेला. दुसरा आठवा दिवस, जरा लवकर. तिसरा पंधरावा, जरा उशीर. चौथ्याचा उपयोग नाही. सात वारांत एकच मोकळा, आणि तोही नेमका चुकलेला. ती चूक मुद्दाम करायची म्हटली असती तर मला इतकी अचूक जमली नसती.

'म्हंजे हप्त्यातून तीन-चार डाव?' मी गजाननकडे बघितलं.

तो कॅलेंडरकडे बघत म्हणाला, 'सुरवातीला व्हतं, मॅडम.'

वर्षा पदर तोंडाशी धरून खालच्या मानेनं हसत होती. मग एकदम हसायची थांबली आणि म्हणाली, 'पन आता सोडता येत नाई. आत्याबाईनं दिलेले वार हायत.'

आत्याबाई म्हणजे सासू. सगळे उपास सासूनं लावून दिले होते, एकेक करून. नवसाचा वार असा मधे टाकता येत नाही. टाकला आणि उद्या घरात कोणाला ताप आला तरी बोट वर्षाकडे. आणि सांगायचं कोणी? मी सांगितलं असतं तर गावात संध्याकाळच्या आत बातमी झाली असती की दवाखान्यातल्या बौद्ध बाईनं आपले देव सोडवले. मग त्या घरातलं कोणीच पुन्हा माझ्या खोलीत आलं नसतं. संक्रांतीला दोन महिने राहिले होते. मी निरोप दिला, पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन या.

सुभद्राबाई आल्या. बारीक, काळ्यासावळ्या, हातात भाजीची पिशवी, माझ्यासाठी वांगी. मी मनातून भांडणाची तयारी करून बसले होते. सासू या जातीबद्दल माझी काही मतं होती आणि ती बदलायचं काही कारण तोवर मिळालं नव्हतं. मी कॅलेंडर दाखवलं, रेघा दाखवल्या, दिवसांचं गणित सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग लेका-सुनेला म्हणाल्या, 'बाहीर बसा रे.' ते गेल्यावर पडदा नीट सारला, परत येऊन बसल्या.

'म्या तिले वार देल्ले, बाई,' त्या म्हणाल्या. 'माया सासूनं मले देल्ले व्हते.'

मला वाटलं परंपरेचं काही सांगतायत. मी मान हलवली.

'तुमी समजून नाई राह्यल्या,' त्या म्हणाल्या. 'मी आली तवा चौदा वर्साची व्हती. हे असे दांडगे. रोज. दिवसभर वावरात राबून रोज. एक दिवस मी विहिरीवर रडत बसली व्हती, तं सासूनं पाह्यलं. काई बोलली नाई. संध्याकाळी देवापुढं नेलं अन् म्हने, आजपासून तू सोमवार धर. सोमवारी त्याईनं हात नाई लावला. देवाचा वार व्हता ना. मंग सासूनं मंगळवार देल्ला. मंग गुरुवार. माई सासू लई मायाळू व्हती, बाई. दोन वर्सांत चार वार देल्ले तिनं मले.'

माझ्या हातातलं पेन उगाच कॅलेंडरवर होतं.

'वर्षा आली तं मले वाटलं, पोरीले बी होत असन मायासारकं. तोंडानं कशी सांगन? म्हून म्या देत गेली. लेकराचं नाव पुढं केलं, नाईतं गजानननं मानलं नसतं. अन् तुमी म्हनता त्याच्यानंच लेकरू नाई.'

माझ्या शास्त्रात याला शब्द आहेत. इच्छा, संमती, दोघांच्या इच्छेतला फरक. एकाच बाईला एका वयात हवं असतं, दुसऱ्या वयात नको असतं. एका माणसासोबत हवं असतं, दुसऱ्यासोबत नको असतं. कोणाला कमी, कोणाला जास्त, आणि यातलं काहीच रोग नाही. हे मी शेकडो वेळा फळ्यावर लिहून समजावलेलं. आता समोर साठीची बाई बसलेली, जिनं हे सगळं शब्दांवाचून चालवलं होतं, आणि मी ते फॉर्मावर कुठं लिहू ते मला कळेना.

मी विचारलं, 'सुभद्राबाई, तुमी वर्षाले इचारलं का, तिले वार पायजे का नको?'

'असं कोनी इचारते?'

'म्या इचारलं. तिले नको हायत. तिले गजानन आवडते.'

'आवडते तं मले बी मायीत हाय. चांगला हाय पोरगा.' मग थांबल्या. 'म्हंजे… तिले ते पायजे असते?'

'हो.'

'तिच्या मनानं?'

'तिच्या मनानं.'

त्या पिशवीतली वांगी एकेक करून माझ्या टेबलावर काढत राहिल्या. मग इतक्या हळू आवाजात विचारलं की मला पुढे वाकावं लागलं, 'बाईले बी पायजे असते, बाई?'

माझ्याकडे या प्रश्नाचं चांगलं, पुस्तकी, बरोबर उत्तर होतं. मी ते दिलं. असतं, म्हटलं. बाईच्या शरीरालाही सुख असतं, त्याची जागा असते, त्याला वेळ लागतो, आधी मन जुळावं लागतं, धाक असला की ते होत नाही. त्या ऐकत होत्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर एखाद्या बाईला हे सांगणं बरं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, 'बरं झालं तिचं.'

उपासाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. नवसाचा वार टाकता येत नाही, पण मोठ्या माणसाला तो आपल्याकडे घेता येतो, अशी त्यांच्याकडे रीत. पुढच्याच आठवड्यात त्या सुनेला घेऊन बासरला, सरस्वतीच्या देवळाला गेल्या. गोदावरीत आंघोळ केली, सुनेची ओटी भरली, आणि नारळ हातात घेऊन तिचे सगळे वार स्वतःच्या नावावर करून घेतले. गजाननचा शनिवारसुद्धा घेतला. वर्षा मला सांगत होती, 'आत्याबाई म्हने, मले सवय हाय, तुले नाई झेपत.'

मी गजाननला कामाच्या दिवसांचा कागद लिहून दिला. तो म्हणाला, 'मॅडम, रविवारचं?' मी म्हटलं, मळ्यात झोपायचंच असेल तर बायकोला घेऊन झोप. त्याला हा उपाय सुचला नव्हता. भाजीवाल्यांचं डोकं भाजीत चांगलं चालतं.

संक्रांतीच्या आधी काही झालं नाही. सासरे बाकावर बसून गरजत होते, मी दर वेळी बाहेर जाऊन त्यांना एकेक कागद दाखवत होते, नवीन उपचार सुरू आहे, मोडायचा नाही, असं सांगत होते. किनवटच्या पोरीकडचा निरोप त्यांनी दोनदा लांबवला. फेब्रुवारी संपता संपता वर्षाची पाळी चुकली. तपासणीचा कागद घेऊन ती माझ्या खोलीत आली तेव्हा मी नियम मोडून तिला मिठी मारली. तिचं लेकरू, मुलगी, आता शाळेत जाते.

त्या फॉर्मात मी निळ्या पेनानं, समासात, माझा एक प्रश्न घातला, 'घरात उपास किती व कोणाचे?' डॉक्टर मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी त्यांच्या कागदावरही तो लिहून घेतला. तो प्रश्न विचारून पुढे आणखी तीन जोड्यांचं काम झालं. माझी फुशारकी इथं संपते.

वर्षाची मुलगी लसीच्या पहिल्या डोसाला आली तेव्हा सुभद्राबाई सोबत होत्या, सासरे नेहमीसारखे बाहेर बाकावर. वर्षा इंजेक्शनच्या रांगेत गेली आणि त्या माझ्या खोलीत येऊन बसल्या. फार वाळल्या होत्या. मी म्हटलं, 'आता नवस फिटला, सुभद्राबाई. उद्यापन करा अन् सोडा हे उपास. साठीत रोज उपाशी राहायचं चांगलं नाई.'

'सोडून कसं चालन, बाई?' त्या म्हणाल्या. 'बुढा अजून ठणठणीत हाय.'

मी आधी हसले. त्या हसल्या नाहीत, तेव्हा माझंही हसू गेलं. मी म्हटलं, त्यांना आत बोलावते, मी बोलते त्यांच्याशी. त्यांनी माझा हात धरला. 'नका बोलू. तुमी बोलून घरी जासान. मले तिथं राहा लागते.' बाहेर सासऱ्यांचा खणखणीत आवाज चालू होता. माझ्या फॉर्मात वयाचा रकाना एकोणपन्नासला संपत होता. त्याच्या पुढच्या बाईला विचारायला सरकारनं मला एकही प्रश्न दिला नव्हता, आणि मीही इतक्या वर्षांत एकही तयार केला नव्हता.

उठता उठता त्यांनी विचारलं, 'बाई, शिकल्यासवरल्या तुमी. रविवार बी म्या सूर्यदेवाचा धरला. बुधवारी कोनता देव असते? तेवढाच मोकळा राह्यला.'

मला माहीत नव्हतं. मी केसपेपर पुढे ओढला, त्यांचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'दर बुधवारी कडक उपास. त्या दिवशी वेगळे झोपणे.' कोणत्या देवाचा, ते लिहिलं नाही. तिथं दवाखान्याचा शिक्का मारला.